घरातली धुसफूस आणि जखमेची खपली

मिरजेत सकाळी नऊच्या सुमारास कुठल्याही ड्रेसिंग रूमबाहेरचं बाक भरलेलं दिसतं. पायाला पट्टी, मांडीवर पिशवी, पिशवीत शुगरचे जुने रिपोर्ट आणि घडी घालून मऊ पडलेला केसपेपर. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडून अथणी, अशी लांबलांबची माणसं इथं उपचाराला येतात. पट्टी सोडली जाते, जखमेची कड बघितली जाते, शुगर किती आली ते विचारलं जातं. ‘घरी तुमच्याजवळ कोण असतं? घरात कसं चाललंय?’ हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. ते विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं. यात माणुसकी आहेच, पण जखम भरण्याशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर या मानसशास्त्रज्ञ आणि रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक असलेले त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर यांनी अनेक वर्षं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: रोजच्या ताणाचा शरीरावर होणारा परिणाम मोजता येतो का? १९९५ साली त्यांनी घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या १३ बाया निवडल्या. तुलनेसाठी त्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच उत्पन्नाच्या, पण असा भार नसलेल्या आणखी १३ जणी घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम मुद्दाम केली. मग जखमेचे फोटो काढत राहायचं आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघायचं. फेस यायचा थांबला की जखम भरली असं धरायचं. सेवा करणाऱ्या बायांची जखम भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, दुसऱ्या गटातल्या बायांची ३९.३ दिवसांत भरली. तेवढीच जखम, आणि फरक नऊ दिवसांचा.

हे वाचताना मला आपल्याकडच्या सुना आणि लेकी आठवतात. सासूबाईंना ‘हल्ली आठवत नाही’ असं घरात हळू आवाजात बोललं जातं. त्या रात्री दोनला उठून कडी काढतात, जेवून हात धुतला की लगेच ‘मला जेवायला दिलं नाही’ म्हणतात. सून त्यांच्यामागे दिवसरात्र असते. दवाखान्यात तपासणी सासूबाईंची होते, औषधं त्यांना मिळतात. सोबत आलेल्या सुनेचं बीपी बघायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. ती तक्रार करत नाही म्हणून तिला काही होत नाही, असं आपण गृहीत धरतो.

ताण इतका मोठा नसला तरी चालतो. १९९८ सालच्या एका प्रयोगात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडात, टाळूवर दोनदा जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. सुट्टीइतकी ती लवकर एकाचीही भरली नाही.

त्यानंतरचा २००५ सालचा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट नवरा-बायकोच्या बोलण्यापर्यंत जातो. ४२ जोडप्यांना संशोधन केंद्रात दोनदा चोवीस तासांसाठी मुक्कामी ठेवलं. दोन्ही वेळा हातावर बारीक फोड उठवून त्यांची जखम केली. पहिल्या खेपेला दोघांनी एकमेकांना आधार वाटेल असं बोलायचं होतं. दुसऱ्या खेपेला ज्यावरून खटके उडतात ते विषय काढायचे होते. या बोलण्याचं चित्रण करून कोण कसं बोललं याचीही नोंद ठेवली. वादाच्या खेपेला जखमा उशिरा भरल्या. जी जोडपी एकमेकांशी तुसडेपणानं, टोचून बोलत होती, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या जेमतेम ६० टक्के होता. मतभेद तर सगळ्याच जोडप्यांत निघाले होते. मोठा फरक पडला तो बोलण्याच्या रीतीनं.

असं का होतं? जखम झाली की शरीर तिथं आधी दाह निर्माण करतं. ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते. हे सारं कामाचं असतं. इंटरल्युकिन-६ सारखी संदेश देणारी प्रथिनं तिथं तयार होतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात, जंतू आणि मेलेल्या पेशी साफ होतात, मग नवी त्वचा धरते. ताणात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते ही सुरुवातीची धावपळच दाबून टाकतं. वादानंतर या जोडप्यांच्या जखमेच्या जागी ती प्रथिनं कमी सापडली. आणि तुसड्या जोडप्यांच्या रक्तात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जास्त वाढलेली दिसली. पाट फुटल्यावर रस्त्यावर चिखल व्हावा आणि रान कोरडं राहावं, तसंच हे झालं. रक्तात असा दाह बारमाही राहिला तर त्याचा संबंध हृदयविकार आणि मधुमेहाशी लागतो. म्हणून हातावरच्या फोडाची ही गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

हे प्रयोग लहान आहेत, २६ आणि ११ माणसांचे, ४२ जोडप्यांचे, आणि तेही अमेरिकेतले. त्यावरून ‘घरात भांडण आहे म्हणून पाय बरा होत नाही’ असं कोणा एका रुग्णाला सांगणं चूक ठरेल, क्रूरही ठरेल. शुगर आटोक्यात नसेल, पायाला रक्तपुरवठा नीट नसेल, तर प्रेमळ घरातही जखम चिघळते. गोळ्या, इन्सुलिन, पायाची निगा यांना पर्याय नाही. पण मोठ्या अभ्यासांचा रोखही याच दिशेला आहे. २०१० साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यात तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांची नाती भक्कम, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्के जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली एकटेपणाशी जोडलेल्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार इतका दिला आहे.

आपल्या सांगली जिल्ह्यात या एकटेपणाचा एक वेगळाच नमुना आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी गाळायचं दुकान कुठं केरळात, कुठं तमिळनाडूत, कुठं दिल्लीकडं. गावाकडं टोलेजंग बंगला बांधलेला असतो आणि त्यात आई-वडील दोघंच राहतात. पैशाची ददात नसते. यात्रेला किंवा दिवाळीला पोरं आली की घर भरतं, एरवी दोघांचाच वावर. अशांना ‘मुलाजवळ जाऊन राहा’ म्हणणं सोपं, पण गाव सोडून परमुलखात चौथ्या मजल्यावर त्यांचा जीव रमत नाही.

इथं कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या शेल्डन कोहेन यांचा १९९७ सालचा प्रयोग उपयोगी पडतो. त्यांनी २७६ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि कोणाला सर्दी होते ते पाहिलं. त्याआधी प्रत्येकाचा किती प्रकारच्या माणसांशी नेमानं संबंध येतो ते लिहून घेतलं होतं: जोडीदार, आई-वडील, मुलं, शेजारी, कामावरचे सोबती, देवळातले, मंडळातले, असे एकूण बारा प्रकार. ज्यांच्याकडं एक ते तीनच प्रकार होते, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा जास्त प्रकार असणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाला. म्हणजे मुलगा लांब असला तरी बाकीची नाती उरतात आणि त्यांचंही वजन पडतं. डेअरीवर दूध घालताना होणारं बोलणं, गुरुवारचं भजन, बचत गटाची बैठक, सांगलीत आमराईत सकाळी भेटणारी फिरायची मंडळी.

पायाला जखम झाली की नेमकं हेच तुटतं. ‘पाय टेकू नका’ हा सल्ला योग्यच असतो, पण त्या दोन-तीन महिन्यांत माणूस ना डेअरीवर जातो, ना भजनाला. म्हणून माझी मागणी साधी आहे. केसपेपरवर शुगरच्या आकड्याखाली दोन ओळी वाढवाव्यात: घरी सोबत कोण, आणि आठवड्यात कोण कोण भेटून जातं. दुसऱ्या ओळीपुढं ‘कोणी नाही’ असं आलं, तर गावातल्या आशाताईला एक फोन जावा आणि भजनी मंडळानं एखाद्या गुरुवारी त्याच्याच सोप्यात बसावं.