‘द ब्लॅक स्टॅलियन’मधला घोडा: जंगली नाही, आणि एकटाही नाही

शाहू स्मारकमध्ये मुलांच्या सिनेमांचा विषय निघाला की ‘द ब्लॅक स्टॅलियन’ (१९७९) आठवतोच, आणि मागोमाग ती जुनी कथाही: म्हणे, खरोखरचा रानटी घोडा पकडून आणला आणि सगळा सिनेमा त्या एकट्यानेच केला. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात तरी हे कुणी मानू नये!

पडद्यावरचा मुख्य घोडा कास ओले. टेक्सासमध्ये वाढलेला, प्रदर्शनांतून बक्षिसं मिळवणारा अरबी घोडा. रानटी कसला, चांगला माणसाळलेला होता. कॉर्की रँडल या प्रशिक्षकाने त्याच्याकडून काम करून घेतलं. शिवाय तो पूर्ण काळाही नव्हता: कपाळावर पांढरा ठिपका, पायही खाली पांढरे. ते रंगवून झाकले. आयाळीलाही जादा केस जोडले होते.

त्याचे डमीही होते. किनाऱ्यावर मुलाची आणि घोड्याची दोस्ती जमते, त्या प्रसंगात फे-जुर नावाचा दुसरा अरबी घोडा आहे. आणि समुद्रात पोहणारे? ते फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या पाणथळ कामार्ग भागातले. ही जात मोठेपणी पांढरी होते, म्हणून त्यांनाही काळा रंग फासला. मला तर हीच सगळ्यात भारी करामत वाटते.

सिनेमात मुलगा आणि घोडा ज्यावर अडकतात ते ‘निर्जन बेट’ म्हणजे इटलीचं सार्डिनिया, चांगलं वस्तीचं. त्या मुलाचं काम करणारा केली रेनो मात्र खरा घोडेस्वार, कोलोरॅडोतल्या गुरं पाळणाऱ्या घरातला पोरगा.