वैरण बियाण्याचा अर्ज: कानातला बिल्ला कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागामार्फत अनुदानावर वैरणीचं बियाणं मिळतं. स्वतःची जनावरं आणि पेरायला जमीन, एवढी साधी पात्रता. तरीही अर्ज बाद होतात, आणि बहुतेक वेळा नावांच्या घोळामुळे.

आधार, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक, ताजा सातबारा, आठ-अ आणि शेतकरी ओळख क्रमांक ही कागदपत्रं जमवायला फारसा त्रास नाही. अडतं ते जनावराच्या बिल्ल्यापाशी. कानातल्या बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो आणि त्याची नोंद भारत पशुधन प्रणालीत मालकाच्या नावावर असते. बिल्ला मारताना गोठ्यात जो हजर होता त्याचंच नाव बऱ्याचदा लागलेलं असतं. मग गाय वडिलांच्या नावावर, सातबारा आजीच्या नावावर आणि अर्ज मुलाचा, अशी गत होते. माणसं एकाच चुलीवर जेवतात, पण छाननीत तिघं वेगळे धरले जातात. अर्ज भरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात क्रमांक दाखवून नाव तपासून घ्या आणि चुकलं असेल तर तिथेच बदलायला सांगा. बाजारातून आणलेल्या म्हशीची नोंद तर बऱ्याचदा जुन्या मालकाच्याच नावावर राहिलेली असते. जमीन सामायिक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र जोडा. हे कुणी आधी सांगत नाही. अर्ज परत आल्यावर मात्र सगळे सांगतात, आणि तोवर पेरणीची वेळ निघून जाते.

दुसरी अडचण पाण्याच्या रकान्याची. कोरडवाहू शेतकरी भीतीपोटी ‘विहीर आहे’ असं लिहून टाकतात. गाव नमुना 12 मध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, जलसिंचनाच्या साधनाची नोंद नसेल तर ते लगेच उघडं पडतं. कृपा करून खरं तेच लिहा आणि बियाणं त्याला साजेसं मागा. लसूणघासाला पाणी लागतं, तो नुसत्या पावसावर टिकणार नाही. चवळी मात्र कमी पाण्यावर तगते आणि पेरल्यापासून 50 ते 60 दिवसांत, फुलोऱ्यात कापता येते. बांधावर किंवा पडीक तुकड्यावर स्टायलो आणि दशरथ घास ही बहुवर्षीय पिकं चालतात. यादीत ही नावं नसतील तर पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी द्या आणि पोच घ्या.

तारखेबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. जाहिरातीतली शेवटची तारीख ही अर्जाची असते, बियाणं मिळण्याची नव्हे. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून पहिला पाऊस पडल्यावर धावाधाव करून त्या हंगामाला उपयोग होत नाही. कागदपत्रं उन्हाळ्यातच तयार ठेवा.

बियाणं मिळालं की पिशवीवरचं लेबल आणि पावती जपून ठेवा. चवळीच्या 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळा. दशरथ घासाच्या बियांचं कवच टणक असतं, त्या गरम पाण्याच्या प्रक्रियेशिवाय नीट उगवत नाहीत. पेरणीनंतर ई-पीक पाहणीत हेच पीक नोंदवा, म्हणजे तपासणीला कुणी आलं तर कागद आणि शेत जुळेल.