सनसेट आढावा (स्थावर मालमत्ता नियामक)

सरकारी मंडळाच्या कायद्यातच त्याच्या अंताची तारीख लिहून ठेवायची आणि ती जवळ आली की विधिमंडळाने त्याचा हिशेब मागायचा, या अमेरिकी पद्धतीला सनसेट आढावा म्हणतात. मुदत वाढवली नाही तर मंडळ आपोआप संपते. असा पहिला कायदा १९७६ साली कोलोराडो राज्याने केला. घरांच्या दलालांना परवाने देणाऱ्या राज्य संस्थाही या फेऱ्यात येतात.

टेक्सासने १९७७ साली हीच वाट धरली. तिथल्या सनसेट सल्लागार आयोगावर दोन्ही सभागृहांचे पाच-पाच सदस्य आणि दोन सामान्य नागरिक असतात. प्रत्येक संस्थेची पाळी साधारण एका तपाने येते. संस्था आधी स्वतःचा अहवाल देते, मग आयोगाचे कर्मचारी तिची दप्तरे तपासतात, जाहीर सुनावणी होते आणि शेवटी विधेयक येते. तक्रारी किती दिवस पडून राहतात, परवान्याच्या अटी ग्राहकाला वाचवतात की नव्या दलालाला बाहेर ठेवतात, हे यात विचारले जाते. दुसरा प्रश्न जास्त बोचरा, कारण तिथे दलालांना परवाने देणाऱ्या टेक्सास रिअल इस्टेट कमिशनच्या नऊ सदस्यांपैकी सहा स्वतःच ब्रोकर असतात. २०११ पासून हे कमिशन आपला खर्च स्वतःच्या शुल्कातून भागवते. २०१९ च्या आढाव्यानंतर त्याला मुदतवाढ मिळाली.

ही तारीख नुसती धमकी नव्हे. टेक्सासचे विधिमंडळ एरवी दोन वर्षांतून एकदा, फार तर १४० दिवस भरते. तेवढ्यात विधेयक अडकले की पंचाईत. २०१९ मध्ये प्लंबरांच्या परवाना मंडळाचे तेच झाले. अखेर गव्हर्नरांनी हार्वे चक्रीवादळाच्या आपत्तीचा आधार घेऊन आदेश काढला आणि मंडळ २०२१ पर्यंत तगवले.

भारताच्या २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात अशी अंतिम तारीख नाही. महारेरासारख्या प्राधिकरणाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, हिशेब कॅग तपासतो. कलम ८२ नुसार सरकार प्राधिकरण बाजूला सारू शकते, पण जास्तीत जास्त सहा महिने; त्यानंतर ते पुन्हा नेमावेच लागते.