चुकीचा पासवर्ड चालला कसा?

पासवर्ड चुकला तर संगणक आत घेत नाही, हे आपण इतकं गृहीत धरतो की त्याची खात्री करायला कोणी बसत नाही. रत्नागिरीतल्या आंबा व्यापाऱ्याचा पेट्यांचा हिशेब असो, गुहागरच्या होमस्टेचं बुकिंग असो की गावच्या पतसंस्थेची खाती, सगळं कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये पडलेलं असतं आणि राखणीला पासवर्ड असतो. २०१२ साली मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसच्या काही प्रतींमध्ये एक अजब गोष्ट आढळली. तोच तो चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा देत राहिलं, तर सरासरी २५६ वेळांत एकदा प्रवेश मिळायचा. ‘हापूस’ टाका नाहीतर ‘फणस’, फरक नाही. वापरकर्त्याचं नाव तेवढं बरोबर हवं, आणि मुख्य वापरकर्त्याचं ‘रूट’ हे नाव बहुतेक ठिकाणी सारखंच.

मौज अशी की पासवर्ड तपासायची पद्धत त्या काळाच्या मानाने बरी होती. मायएसक्यूएल मूळ पासवर्ड साठवतच नाही. तेव्हाच्या पद्धतीत एसएचए-१ या गणिती प्रक्रियेतून तो दोनदा काढून जो २० बाइटांचा हॅश, म्हणजे पासवर्डाचा ठसा, उरे, तोच ठेवला जाई. कोणी आत येऊ पाहिलं की सर्व्हर, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा संगणक, दर वेळी नवीन, यादृच्छिक २० बाइट पाठवतो. समोरचा संगणक त्यात आपल्या पासवर्डचा हॅश मिसळून उत्तर धाडतो, म्हणजे पासवर्ड तारेवरून जातच नाही. सर्व्हर त्या उत्तराची उकल करतो आणि शेवटी त्याच्या हातात २० बाइटांच्या दोन माळा उरतात, एक साठवलेली आणि एक आत्ता निघालेली. त्या जुळतात का, एवढंच पाहायचं बाकी. घोळ झाला तो या शेवटच्या, सगळ्यात सोप्या पायरीवर.

दोन माळा ताडून पाहायला सी भाषेत ‘मेमसीएमपी’ नावाचं तयार फंक्शन आहे. माळा सारख्या असतील तर ते शून्य देतं, नसतील तर शून्याहून मोठी किंवा लहान संख्या. ती किती मोठी असावी, याबद्दल भाषेचा नियम गप्प आहे. मायएसक्यूएलच्या कोडमध्ये हे उत्तर एका बाइटच्या जागेत ठेवलं जात होतं. ‘हो की नाही’ एवढंच तर हवंय, मग जागा कशाला अडवा, असा हिशेब असावा. पण एका बाइटात २५६ च वेगवेगळ्या किमती मावतात. संख्या त्याहून मोठी असली की फक्त शेवटचे आठ बिट, म्हणजे एका बाइटाएवढा भाग, उरतात, वरचे गळून पडतात. उत्तर २५६, ५१२ किंवा १०२४ आलं तर उरतं शून्य, आणि शून्य म्हणजे ‘जुळलं’!

समजा, वाशीला पाठवलेल्या आणि तिथे पोचलेल्या पेट्यांमधला फरक मुनीम वहीत लिहितो, पण रकाना दोनच आकड्यांचा. ३७ पेट्या कमी भरल्या तर ३७ दिसतील. २०० कमी भरल्या तर दिसेल ००, आणि मालक म्हणेल, हिशेब चोख.

मग हे सगळीकडे का घडलं नाही? मेमसीएमपीची साधी आवृत्ती एकेक बाइट ताडते आणि पहिल्या वेगळ्या जोडीतली वजाबाकी परत देते. ती उणे २५५ ते अधिक २५५ च्या पलीकडे जात नाही, त्यामुळे शेवटचे आठ बिट खोटं शून्य दाखवूच शकत नाहीत. काही लिनक्स प्रणालींमध्ये मात्र वेग वाढवण्यासाठी प्रोसेसरच्या खास सूचना वापरून एका दमात अनेक बाइट ताडले जात आणि उत्तर मोठं येई. नियमाप्रमाणे तेही बरोबरच. म्हणून मायएसक्यूएलच्या कंपनीने स्वतः बांधून दिलेल्या प्रती सुरक्षित निघाल्या आणि ६४ बिटी उबुंटूसारख्या काही लिनक्स प्रणालींमधल्या प्रती या दोषाच्या तावडीत सापडल्या. कोड तोच, बांधणी वेगळी.

दर वेळी नवे यादृच्छिक बाइट येत असल्याने चुकीच्या पासवर्डचं उत्तरही दर वेळी निराळं, म्हणजे प्रत्येक प्रयत्न नवी सोडत. ३०० प्रयत्नांत आत जाण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के, १००० प्रयत्नांत ९८ टक्के. ३०० प्रयत्न म्हणजे प्रोग्रॅमला क्षणाचं काम. उलट तपासणारा माणूस चुकीचा पासवर्ड दोन-चारदा टाकून बघतो, नकार येतो, आणि तो समाधानाने चहाला जातो. त्याच्या यंत्रावर साधी आवृत्ती असेल तर लाखदा टाकूनही काही सापडणार नाही. मला विचाराल तर या प्रकरणात खरी भीतीदायक गोष्ट हीच आहे. वापरकर्त्याने पासवर्डात कॅपिटल अक्षरं, आकडे, चिन्हं कोंबून काय उपयोग होता?

दुरुस्ती म्हणाल तर ओळभर. उत्तर लहान जागेत टाकण्याआधी ‘हे शून्य आहे का’ असं विचारायचं. नसेल तर सरळ १ ठेवायचा. मारियाडीबी या मायएसक्यूएलच्याच कोडवरून निघालेल्या भावंड डेटाबेसचे सर्गेई गोलुबचिक यांनी जून २०१२ मध्ये हा दोष जाहीर केला, तोवर मायएसक्यूएल ५.५.२४ आणि मारियाडीबी ५.५.२३ या दुरुस्त आवृत्त्या निघालेल्या होत्या. आधी डागडुजी, मग दवंडी, हा या क्षेत्रातला शहाणा रिवाज.

एवढ्याने भागत नाही, कारण रूट म्हणून एकदा आत गेलेला माणूस सगळ्या वापरकर्त्यांचे हॅश उचलून नेऊ शकतो. त्या जुन्या पद्धतीत हॅशमध्ये ‘सॉल्ट’ नव्हतं, म्हणजे प्रत्येक पासवर्डासोबत मिसळायचा वेगळा यादृच्छिक तुकडा. दोघांचा पासवर्ड सारखा तर हॅशही सारखा, आणि नेहमीच्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवता येतात. म्हणून आवृत्ती बदलल्यावर पासवर्डही बदलावे लागतात. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० ने नवी पद्धत रूढ केली. तीत सॉल्ट आहे आणि हॅश हजारो फेऱ्यांतून काढला जातो, त्यामुळे अंदाज बांधत बसणाऱ्याची दमछाक होते.

आपल्याकडे अडचण वेगळीच. पुरात दुकानातला संगणक बुडाला की माळ्यावरचा जुना खाली येतो, आणि त्याच्याबरोबर दहा-बारा वर्षांपूर्वीची आवृत्तीही. असं यंत्र सुरू केलंच, तर डेटाबेसचं ३३०६ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, बाहेरच्या इंटरनेटला बंद आहे ना, हे आधी बघावं. नवी आवृत्ती घालायला एप्रिल-मे टाळा. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर नव्या पद्धतीशी बोलू शकत नाही आणि ऐन हंगामात गाडी भरायची थांबते. अशा वेळी ‘जुनी पद्धत चालू करून देतो’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. ८.० मध्ये ते करता यायचं. २०२४ च्या ९.० पासून सर्व्हरमधून ती पद्धतच काढून टाकली आहे, तेव्हा बिलिंगवाल्याला जूनमध्ये, पाऊस लागून बागेतली कामं उरकली की, बोलावून घ्यावं.