स्ट्रोकनंतरचा हात: करंट आणि व्यायाम, दोन्ही आले कुठून

डोक्याला मशीन लावलं की लकवा मारलेला हात हलायला लागतो असे व्हिडिओ हल्ली फॅमिली ग्रुपवर फिरत असतात, घरात कुणाला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल तर कुणी ना कुणी फॉरवर्ड करतंच, म्हणून यामागचा इतिहास जरा लिहून ठेवतोय. यात दोन वेगळ्या वाटा आहेत, एक करंटची, एक व्यायामाची, आणि माझं मत आधीच सांगतो, हाताला आजवर जे काही परत मिळालंय त्यातलं बरंचसं दुसऱ्या वाटेने मिळालंय.

करंटची सुरुवात 1870, बर्लिन. फ्रिट्श आणि हिट्झिग या डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या वरच्या थराला बारीक करंट दिला आणि उलट्या बाजूचा पाय हलला. प्रयोग हिट्झिगच्या घरीच, बायकोच्या ड्रेसिंग टेबलावर केले असं सांगतात (बायको काय म्हणाली ते कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही). तोवर मोठमोठे लोक म्हणायचे की हा थर करंटला दादच देत नाही. पुढे माँट्रियलला पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जनने जाग्या पेशंटची ऑपरेशन्स करताना करंट देऊन देऊन मेंदूवर शरीराचा नकाशाच काढला, त्यात हाताची आणि तोंडाची जागा केवढी तरी मोठी. कवटी न उघडता हे जमायला 1980 उजाडलं, लंडनचे मर्टन आणि मॉर्टन, पण त्यात चांगलंच दुखायचं. मग 1985 ला शेफिल्डच्या अँथनी बार्करने डोक्यावर चुंबकीय कॉइल धरली, टक् असा आवाज, बोटं आपोआप उडाली, तेच आजचं टीएमएस. आणि टीडीसीएस म्हणजे डोक्याला ओले स्पंज लावून एक-दोन मिलिअँपिअर करंट, ते 2000 साली जर्मनीतल्या नित्शे आणि पाउलुस यांच्या पेपरनंतर सगळीकडे पसरलं.

आता दुसरी वाट, जी मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने माकडांच्या एका हाताच्या संवेदना आणणाऱ्या नसा मणक्यापाशी कापल्या. हात हलवणाऱ्या नसा शाबूत, तरी माकड तो हात वापरेना, नुसता लोंबता ठेवायचं. चांगला हात बांधून टाकला की मात्र झक मारत वापरायला लागायचं. म्हणजे सुरुवातीला जमलं नाही म्हणून हात न वापरायची सवयच लागलेली असते. 1981 मध्ये सिल्व्हर स्प्रिंगच्या त्याच्या लॅबवर पोलिसांची धाड पडली, एका प्राणीहक्क कार्यकर्त्याने आत काम करून फोटो काढले होते, 17 माकडं जप्त, कोर्टकचेऱ्या, टाउबची शिक्षा शेवटी रद्द झाली पण लॅब गेलीच. माकडांचे हाल खरे होते की नाही यावर आजही भांडणं होतात. पुढे त्याने अलाबामात तीच कल्पना माणसांवर आणली, चांगल्या हाताला जाड मिटन (बोटं वेगळी नसलेला हातमोजा) घालायचं, जागेपणीचा बहुतेक वेळ, आणि कमजोर हाताने रोज तासन्‌तास काम. एक्साइट ट्रायलमध्ये 222 पेशंट होते, दोन आठवड्यांच्या या ट्रीटमेंटचा फायदा वर्षभरानंतरही दिसत होता, 2006 ला छापून आलं.

मधे 1996 ला रँडॉल्फ नूडो या संशोधकाने दाखवलं की मेंदूत हाताच्या जागेला छोटी इजा केलेल्या माकडांना खड्ड्यातून दाणे काढायची प्रॅक्टिस दिली तर शेजारची हाताची जागा टिकते, प्रॅक्टिस नाही दिली तर तीही आक्रसते. मग सगळ्यांना वाटलं, व्यायाम अधिक करंट म्हणजे डबल फायदा. एका अमेरिकन कंपनीने मेंदूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून व्यायाम करून घेतला, प्राण्यांत झकास, माणसांच्या मोठ्या ट्रायलमध्ये 2008 ला आपटलं. मग थिअरी आली की मेंदूची चांगली बाजू बिघडलेल्या बाजूला दाबून ठेवते, तर टीएमएसने चांगल्या बाजूलाच थोडं शांत करा. ऐकायला एकदम पटतं ना? नीश ट्रायलमध्ये 199 पेशंट घेतले, निकाल 2018 ला, खऱ्या मशीनवाले 67 टक्के सुधारले आणि खोट्या मशीनवाले 65 टक्के. व्यायाम दोघांनाही होता. टीडीसीएसचंही तेच, 129 पेशंटना दोन आठवडे मिटनवाला व्यायाम दिला, काहींना 2, काहींना 4 मिलिअँपिअर, काहींना नुसतं नाटक, हाताच्या सुधारणेत फरक नाही. मशीनच्या जाहिरातीत हा खोट्या मशीनवाला ग्रुप कधी दिसत नाही, तेवढं बघत जा.

एक अपवाद मात्र आहे आणि तो डोक्याला नाही, मानेतल्या व्हेगस नसेला आहे. टेक्सासमध्ये मायकल किलगार्डच्या टीमने उंदरांवर बघितलं की हालचाल नीट झाली त्याच क्षणी त्या नसेला करंटचा छोटा पल्स दिला तरच उपयोग होतो, उगाच कधीही देऊन नाही. म्हणून पेशंट डबा उचलायला गेला की थेरपिस्ट बटण दाबतो, अर्ध्या सेकंदाचा पल्स, असं एका सेशनमध्ये 300 च्या वर वेळा, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. 108 पेशंट, स्ट्रोक होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेले, सगळ्यांच्या छातीत यंत्र बसवलेलं पण निम्म्यांचं नावाला. सेशन्स संपून 90 दिवसांनी लक्षात येण्याजोगा फरक खऱ्या यंत्रवाल्यांत 47 टक्के लोकांना, नावाच्या यंत्रवाल्यांत 24 टक्के. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने परवानगी दिली. ऑपरेशन लागतं, यंत्र महाग, आणि त्या 300 हालचाली दोन्ही ग्रुपला कराव्याच लागल्या होत्या.