तारेतून ‘म’ जात नाही, ४६ जातो

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावरून चालवताना, ‘मराठी’ टाइप केलं आणि पडद्यावर सी, जे, ई, दुहेरी अवतरणचिन्ह, आर असं काहीतरी उमटलं, की पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुसरा कीबोर्डवर. नवा कीबोर्ड येतो, जोडला जातो, आणि पुन्हा तेच उमटतं. उमटणारच. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत म आहे सीच्या बटणावर, र जेवर, काना ईवर, ठ शिफ्ट धरून एकेरी अवतरणचिन्हाच्या बटणावर आणि दीर्घ वेलांटी आरवर. म्हणजे बोटं बरोबर पडली आणि बटणंही बरोबर पोचली. फक्त पलीकडच्या संगणकानं त्यांचा अर्थ इंग्रजी मांडणीनं लावला.

कीबोर्डवरच्या प्रत्येक बटणाला त्याच्या जागेवरून ठरलेला एक क्रमांक असतो. त्याला स्कॅनकोड म्हणतात. सीचं बटण ४६, मग त्यावर छापलेलं काहीही असो. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप सहसा हाच क्रमांक पाठवतो, आणि तोही अवघ्या दोन बाइटमध्ये: एका बाइटमध्ये बटण दाबलं की सोडलं ही खूण, दुसऱ्यात क्रमांक. ‘मराठी’ हा शब्द तारेतून ४६, ३६, १८, मग ४२ म्हणजे डावी शिफ्ट धरलेली असताना ४०, आणि शेवटी १९ असा जातो. ४६चा ‘म’ करायचा की ‘सी’, हे ठरतं पलीकडे.

जोडणी होताना आपला संगणक स्वतःच्या मांडणीचा क्रमांकही कळवतो: अमेरिकन इंग्रजीचा १०३३, हिंदीचा १०८१, मराठीचा ११०२. पण पलीकडे जुनं सत्र, म्हणजे आधी केलेलं साइन-इन, उघडंच असेल, किंवा पाहुण्याची मांडणी मानू नये असं तिथल्या अ‍ॅडमिननं ठरवलं असेल, तर तिथली मांडणी चालते. म्हणून मराठी टायपिंगचं साधन आपल्या लॅपटॉपवर घालून भागत नाही. पलीकडच्या विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’ खाली मराठी जोडा आणि साइन आउट करून पुन्हा आत जा. खिडकी नुसती बंद केली तर सत्र पलीकडे तसंच जिवंत राहतं. मॅकवरच्या रिमोट डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये कीबोर्ड मोड ‘युनिकोड’ करता येतो. तेव्हा क्रमांकाऐवजी खरंच ‘म’ जातो, पण कंट्रोल-सीसारखे शॉर्टकट अडखळू लागले तर परत ‘स्कॅनकोड’वर या.

आता या यंत्रणेतला सर्वांत सुंदर, आणि सर्वांत छळणारा भाग. ‘दाबलं’ आणि ‘सोडलं’ हे दोन वेगळे निरोप आहेत. समजा रिमोटची खिडकी पूर्ण पडद्यावर नाही आणि तुम्ही ऑल्ट-टॅब केलं. ऑल्ट दाबल्याचा निरोप पलीकडे गेला. टॅब मात्र तुमच्याच विंडोजनं पकडला, दुसरी खिडकी पुढे आणली, आणि ऑल्ट सोडल्याचा निरोप त्या खिडकीला मिळाला. पलीकडच्या संगणकाच्या लेखी ऑल्ट अजून दाबलेलंच आहे! यासाठी एक खास निरोप ठेवलेला आहे: खिडकीत परतलं की ‘सगळी बटणं सुटलेली समज, कॅप्स लॉक आणि नम लॉक असे आहेत’ असं पलीकडे कळवलं जातं. बहुतेक वेळा तेवढ्यानं निभावतं. पण रिमोटच्या आत आणखी एक रिमोट उघडला की चुकायच्या जागा वाढतात.

विंडोजचं बटण असं अडकलं, तर एल दाबताच पडदा लॉक होतो, ई दाबताच फाइल एक्सप्लोरर उघडतो, डी दाबताच सगळ्या खिडक्या खाली जातात. ‘कुणीतरी हॅक केलंय’ अशी बोंब इथूनच उठते, आणि ‘रजिस्ट्री क्लीनर’ म्हणजे विंडोज साफ करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं फावतं. पैसे देऊ नका. रिमोटच्या खिडकीत कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि विंडोज ही बटणं, डावी-उजवी दोन्ही, एकेकदा दाबून सोडा. ‘सोडलं’ हा हरवलेला निरोप त्यातून पोचतो. तरी अडलं, तर पलीकडचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड माउसनं उघडा. अडकलेलं बटण तिथे उजळलेलं दिसेल, त्यावर क्लिक करा.

शॉर्टकट भलत्याच संगणकावर चालत असतील तर जोडणीआधी रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत ‘शो ऑप्शन्स’, मग ‘लोकल रिसोर्सेस’ पाहा. विंडोजच्या बटणजोड्या इथे, तिथे की फक्त पूर्ण पडदा असताना तिथे, हे कीबोर्डच्या रकान्यात निवडता येतं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मात्र आपलाच संगणक पकडतो, पलीकडे ते पाठवायला कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबा.

पासवर्ड बरोबर असून नाकारला जात असेल, आणि पलीकडचा सर्व्हर लंडनचा असेल, तर आधी ॲटचं चिन्ह तपासा. ब्रिटिश मांडणीत ते आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अमेरिकन मांडणीच्या उलट आहेत. लॉगिनच्या पडद्यावर डोळ्याची खूण दिसत असेल तर ती दाबून धरा, काय उमटलंय ते लगेच दिसेल.