डोक्यात भोवरा असलेली माणसं

डोक्यावर दोन भोवरे असले की पोरगं वांड निघतं असं आमची आजी म्हणायची. ज्यांच्या डोक्याच्या आतच भोवरा फिरतो त्यांचं काय, ते तिने सांगितलं नव्हतं.

परवा जुन्या नाशकात एक लाकडी भोवरा दिसला म्हणून घेतला, घरी येऊन जाळी म्हणजे दोरी गुंडाळून फेकला तर आर, म्हणजे खालचा खिळा, टाइलवरून घसरली आणि भोवरा थेट सोफ्याखाली. बेब्लेडवाला भाचा म्हणे, मामा तुझ्याच्याने नाही होणार. मग काय, चिडून वाचत बसलो.

आपल्याकडे गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुती किती बुडाला त्यावरून पाण्याचा अंदाज घेतात, पण भर समुद्रात धुकं पडलं आणि क्षितिजच दिसेना तर जहाज कुठे आहे हे मोजायचं कशावरून? जॉन सर्सन नावाच्या इंग्रज खलाशाने १७४३ च्या सुमारास त्यासाठी भोवराच काढला, वर आरसा लावलेला, म्हणजे जहाज कितीही डुललं तरी आरसा सपाट राहणार आणि सूर्य-तारे किती वर आहेत ते क्षितिजाऐवजी त्याच्यावरून मोजता येणार. टेस्टिंगसाठी तो स्वतः व्हिक्टरी जहाजावर गेला आणि १७४४ मध्ये ते जहाज हजारावर माणसांसकट बुडालं, सर्सनही गेला. जायरोस्कोप, म्हणजे चौकटीत बसवलेलं, फिरताना आपली दिशा न सोडणारं जड चाक, वगैरे नंतरचं.

मॅक्सवेल म्हणजे विजेचे आणि चुंबकाचे नियम एकत्र बांधणारा माणूस, त्याचा किस्सा तर भारीच. १८५७ मध्ये त्याने एक पितळी भोवरा बनवून घेतला आणि केंब्रिजला नेला, रात्री खोलीवर मित्र जमले, चहा झाला, सगळे गेले तेव्हा भोवरा फिरतच होता. सकाळी त्यातलाच एक मित्र अंगणातून येताना दिसला तसा हा पलंगावरून उडी मारून उठला, भोवरा फिरवला आणि परत पांघरुणात. मित्राला वाटलं रात्रभर फिरतोय! एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि धंदे आमच्या गल्लीतले.

पण मला खरं अडकवलं ते पुढच्या जोडीने. अमेरिकेतल्या व्हर्माँटचा रॉय हॅरिगन, हा काही प्रोफेसर नाही, याला चुंबकावर हवेत तरंगणारा भोवरा बनवायचा होता. जाणकारांनी सांगितलं की नुसत्या स्थिर चुंबकांवर वस्तू तरंगत ठेवता येत नाही, १८४२ चं अर्नशॉचं प्रमेय आहे. प्रमेय बरोबरच आहे हो, पण ते स्थिर वस्तूचं, आणि याचा भोवरा तर फिरत होता, फिरण्यामुळेच उलटत नव्हता. १९८३ मध्ये पेटंट मिळालं. हेच खेळणं पुढे लेव्हिट्रॉन नावाने विकलं गेलं. वजन जरा कमीजास्त झालं की पडतं, म्हणून बारीक वॉशर घालून जुळवत बसावं लागतं, वैताग नुसता.

आणि दुसरा एरिक लेथवेट, लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा नावाजलेला प्रोफेसर, लिनिअर मोटरवाला, म्हणजे गोल न फिरता सरळ रेषेत ढकलणारी विजेची मोटर. १९७४ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानात याने जड जायरोस्कोप फिरवून दाखवले आणि न्यूटनचे नियम इथे लागत नाहीत असं सरळ ठोकून दिलं. संस्थेने ते व्याख्यान छापलंच नाही. पुढे त्याने स्वतःच मान्य केलं की नियम लागतात.

म्हणजे अडाणी म्हणून हसले तो बरोबर निघाला आणि प्रोफेसर चुकला, पण भोवरा फिरवायच्या आधी दोघांत फरक करायचा कसा, मला तरी जमलं नसतं.

भाच्याला यातलं काहीच पटलं नाही. शेवटी १९५१ चा एक फोटो दाखवला, स्वीडनमधल्या लुंडचा. नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली, दोघेही भौतिकशास्त्रातले नोबेलवाले, सुटाबुटात कमरेत वाकून जमिनीवरचा छोटा भोवरा बघतायत, तो फिरता फिरता उलटा होऊन दांडीवर उभा राहणारा. भाचा म्हणे, असला मिळेल का?